भाऊ-बहीण बसत नाहीत

एजंट : नाही ना हो बसत एका हेल्थ पॉलिसीत. तिसऱ्यांदा बघितलं. नवरा-बायको बसतात, मुलं बसतात, आई-वडील बसतात, आता तर सासू-सासरेपण घेतात. पण भाऊ-बहीण म्हटलं की पुढचं पानच उघडत नाही.

धाकटा : पण आम्ही एका घरात राहतो. ही माझी सख्खी बहीण आहे. याहून जवळचं कोण असतं?

एजंट : मला पटतंय हो मामा. मावशींचे भाऊ म्हणजे माझे मामाच, मी नातं लावून मोकळी झाले. कंपनीला तेवढंही जमत नाही.

ताई : मी त्याला कालच सांगितलं, फॅमिली-बिमिली मागू नकोस म्हणून. आपण दोघं म्हणजे फॅमिली नव्हे. उरलेली माणसं आहोत.

धाकटा : असं काय बोलतेस, ताई?

ताई : मग कसं बोलू? तुझं लग्न मोडलं, माझं झालंच नाही. आई-बाबा गेले. मागे काय राहिलं ते तूच बघ.

एजंट : तुमचं आपलं काहीतरीच, मावशी! मामा, ऐका. दोघांच्या वेगळ्या ठेवू. म्हणजे आता एकच काढायची, तुमची. मावशींची आहेच माझ्याकडे.

धाकटा : आहे? कधीपासून?

एजंट : झाली की बरीच वर्षं. तुमच्या आई गेल्या, त्याच्या पुढच्याच महिन्यात मावशींनी मला बोलावून घेतलं होतं.

धाकटा : मला कधी बोलली नाहीस.

ताई : त्यात बोलायचं काय? विमा काढला, वरात नाही काढली.

धाकटा : मी तिकडचं, परदेशातलं सगळं आवरून परत आलो, ते मुळात तुझी काहीतरी व्यवस्था व्हावी म्हणून. आणि तू मला आता सांगतेस.

ताई : माझी व्यवस्था आहे. तुझी बघ आता.

एजंट : हां, मामांचंच घेऊ. वय मावशींनी सांगितलंय. तब्येत कशी आहे? बीपी, शुगर?

धाकटा : शुगर आहे. गोळ्या चालू आहेत.

एजंट : मग शुगरमुळे जे काही होईल, त्याला तीन वर्षं थांबावं लागेल. बाकीचं लवकर चालू होतं.

ताई : तीन वर्षं? याला?

एजंट : का हो मावशी?

ताई : काही नाही. तू विचार तुझं.

एजंट : आधी कधी ॲडमिट होतात?

धाकटा : नाही. म्हणजे, अगदीच नाही असं नाही म्हणता येणार. एक रात्र.

ताई : कधी?

धाकटा : दोनेक वर्षं झाली. पोटाची तपासणी होती, आत नळी घालून करतात ती. सकाळी जायचं आणि दुपारी घरी. किरकोळ असतं ते.

एजंट : मग रात्र कशाला काढली?

धाकटा : भूल देतात ना. तिथे नियम होता, घरी न्यायला ओळखीचं कोणीतरी यावं लागतं. एकट्याला टॅक्सीत बसू देत नाहीत. नर्सने विचारलं, तुमचं कोण येणार आहे? मी म्हणालो, येतील इतक्यात.

ताई : कोण येणार होतं?

धाकटा : कोणी नाही. मी आपला कपडे करून, बूट घालून खुर्चीत बसलो. थोड्या थोड्या वेळाने ती विचारायची आणि मी म्हणायचो, गाडी गर्दीत अडकली असेल. संध्याकाळ झाली, आजूबाजूचे सगळे गेले, तेव्हा तिला कळलं असावं. बूट काढा म्हणाली, आणि एक कॉट दाखवली.

एजंट : अगं बाई!

धाकटा : हे लिहावं लागतं का?

एजंट : तपासणी आणि एक रात्र, एवढं लिहावं लागेल. बाकीचं नाही लिहीत मी.

ताई : ऑफिसातलं कोणी आलं नसतं?

धाकटा : आलं असतं. पण मग सगळ्यांना समजलं असतं, की मला ऑफिसातल्या माणसाला विचारावं लागतं.

ताई : आणि त्या रविवारी मला फोनवर काय सांगितलंस?

धाकटा : आठवत नाही. हवापाण्याचं बोललो असेन.

एजंट : बरं, मामा, आता हे एक सांगा. तुम्ही इकडे कायमचे आलात ना? परत जाणार असाल तर तुम्हाला काही उपयोग नाही, म्हणून विचारतात. काय लिहू, कायम की तात्पुरतं?

ताई : तात्पुरतं लिही.

धाकटा : ताई!

ताई : ओरडू नकोस. दोन महिने बघतेय मी. चहा प्यायला की कप लगेच धुऊन जागेवर. आंघोळ झाली की बाथरूम पुसून कोरडं ठक्क. टॉवेलसुद्धा स्वतःच्या खोलीत वाळत घालतोस. फ्रिज उघडायच्या आधी मला विचारतोस. घरचं माणूस असं राहतं का? जाणारं माणूस असं राहतं.

(एजंटचा फोन वाजतो. ‘आलेच हं’ म्हणून ती गॅलरीत जाते.)

धाकटा : मला वाटलं, तुला माझा त्रास नको. घटस्फोटानंतर मी एका बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. त्यांच्या घरात आपण आहोत हे त्यांना जाणवलेलं चालायचं नाही. ती सवय लागली.

ताई : सवयीचं मला नको सांगूस. आई गेल्यावर कितीतरी दिवस मी कुलूप उघडून आत आले की ओरडायची, ‘आई, मीच आहे गं’. मग हळूहळू तेही सुटलं. शिकले मी एकटं राहायला. बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. आणि आता तू आलास. संध्याकाळी खालून तुझ्या खोलीतला दिवा दिसला की मला बरं वाटतं. नकोय मला ते बरं वाटणं! तू गेलास की परत सगळं पहिल्यापासून शिकायचं, तेवढं बळ नाही रे राहिलं.

धाकटा : मी कुठे जाणार आहे?

ताई : तुझी लेक बोलावेल तिकडे. बापाचा जीव आहे, जाशील धावत.

धाकटा : ती नाही बोलावणार. निघताना म्हणाली, ‘बाबा, आत्याकडे जाताय हे फार बरं झालं.’ सुटल्यासारखी बोलली. तिचं चुकलं असं नाही. तिलाही तिचं आयुष्य आहे.

ताई : आणि इथे तू गावभर सांगत सुटलायस, ताईसाठी आलो, ताईला कोणी नाही. खालच्या दुकानदाराने मला काल विचारलं, आता बरं आहे ना तुम्हाला? आजारी असल्यासारखं.

धाकटा : ते खोटं आहे. मी माझ्यासाठी आलो. मला भीती वाटायला लागली होती, ताई. कशाची ते नाही सांगता येणार. नुसती भीती.

ताई : मग हे फोनवर नाही सांगायचं?

धाकटा : फोनवर तू दर वेळी म्हणायचीस, ‘इकडची काळजी करू नकोस’. दर वेळी. मला वाटलं, हिचं सगळं नीट चाललंय, हिला माझी गरजच नाही. अशा माणसाला कसं विचारणार, मी येऊ का म्हणून?

ताई : अरे, काळजी करू नकोस असं म्हणायचं असतं. म्हणजे खरंच करायची नाही, असं नसतं रे.

धाकटा : मला नाही कळलं.

ताई : इतकी वर्षं?

धाकटा : इतकी वर्षं.

एजंट : सॉरी हं, एकांचा क्लेम अडकलाय, सकाळपासून माझं डोकं खातायत. हां, कुठे होतो आपण? कायम की तात्पुरतं?

धाकटा : ताईला विचारा. घर तिचं आहे.

ताई : घर आई-बाबांचं आहे. उगाच भाडेकरूसारखं बोलू नकोस.

एजंट : अहो, भांडा नंतर. कोणीतरी एक काहीतरी सांगा. आणि विचार करून सांगा, कारण एकदा पाठवलं की मला ते बदलता येत नाही.

ताई : बदलता येत नाही?

एजंट : नाही ना. बदलायचं म्हटलं तर अख्खा अर्ज पहिल्यापासून.

ताई : मग कायम लिही. आणि आधी पाठव ते. बाकीचं त्याला मागाहून विचार.