मीठ चवीनुसार

अगं, माझ्या चातुर्मासाच्या नेमाची परीक्षा यंदा देवानं मिठावर घेतली.

ह्यांची साखर वाढली, म्हणून घरात मैदा, साखर, पांढरा भात बंद, असं मी देवापुढे बोलले. सांगलीच्या प्रदर्शनात दोन पुस्तकं चाळली आणि रंगीत चित्रांचं तिथंच ठेवून राळे-हुलग्यांसारख्या जुन्या धान्यांच्या पाककृतींचं साधं पुस्तक आणलं. माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या, राळे खाऊनच वाढलेल्या. म्हणाल्या, "राळ्याचं बी पुस्तक निगालं व्हय?"

हे म्हणाले, "दोन दिवस खाऊन बघतो. नाही जमलं तर मला माझा भात."

पहिल्या दिवशी राळ्याची खिचडी केली. शेवटची ओळ होती, 'मीठ चवीनुसार'. आता नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची कशी? अंदाजानं घातलं. पहिल्याच घासाला ह्यांनी तांब्या उचलला. "देव काही बोलला नाही का गं?"

"देवानं सांभाळून घेतलं," मी म्हटलं. "उद्या परत हीच करणार."

दुसऱ्या दिवशी त्याच ओळीशी अडले, तशा सासूबाई उठल्या. "सरक. आमी काय जन्मभर देवाला उष्टं दावलं व्हय?" त्यांनी न चाखता तीन चिमटी मीठ टाकलं. मी पेन्सिलीनं 'चवीनुसार' खोडून 'सासूबाईंच्या तीन चिमटी' लिहिलं.

ह्यांनी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं. "पुस्तक चांगलं निवडलंस. कितव्या पानावरचं हे?"

सासूबाई म्हणाल्या, "ते पान छापायचं ऱ्हायलं हुतं, लेका. आज लिवलं तुझ्या बायकोनं."