उजव्या बाजूनं वाचलेल्या गोष्टी

— न्हाई साहेब, तसं नका उघडू. म्हंजे तुमचं पुस्तक हाय, तुम्ही विकायला निघालाव, तुम्ही कसंबी उघडा — पण कसं वाटलं म्हणून मला विचारलंत ना, मग मी माझ्या बाजूनं उघडणार. हे असं. पाठीमागून. उजवीकडनं डावीकडं. हसायलात कामून? उर्दूचं पुस्तक असंच असतंय, अन् मी शिकलो ते उर्दूत. निजामाची शाळा, मौलवीसाहेबाची छडी, सगळं रीतसर. नंतर बसवकल्याणला कोर्टात नकला करायला लागलो. अक्षर असं की वकील लोक नुसतं बघायला यायचे — अमृतप्पा, काय हात हाय तुझा म्हणायचे. हैदराबाद होतं तवर मी शिकलेला माणूस. छप्पन साली आमचा जिल्हा म्हैसुरात गेला, कारभार कानडीत आला, अन् मी अडाणी झालो. काय केलं मी? काहीच न्हाई केलं. घरात बसून झालो. तसं कानडी बोलतो, मराठी बोलतो, दोन्ही फाडफाड — लिहिलेलं आलं की मात्र दुकानाच्या पाटीवरचं ठळक तेवढं लागतंय. तुमच्या ह्या पुस्तकात माणसांच्या तोंडातनं फुगे निघतात, त्यातलं अक्षर मुंगीएवढं. मग मी चित्रं बघतो. चित्राला कुठली आलीय भाषा?

अन् मत माझं चांगलं हाय, बरं का. वाईट न्हाई. जावई सोलापूरला गिरणीत हाय, तो येताना आणायचा, त्यामुळं अलीकडची बहुतेक बघून झालीत माझी. राजाराणीची बघितली, चोरपोलिसांची बघितली, ते आगीच्या नळकांड्यात बसून चंद्रावर जातात ती बघितली. पहिलं बघितलं ते राजपुत्राचं. उघडलं तर लगीन चाललेलं — हत्ती, वाजंत्री, पंगत. मला वाटलं, चला, सुरुवात तर झकास हाय. पुढं काय, तर राजपुत्र नवरीला घोड्यावर घेतो, डोंगरावर नेतो, एका राक्षसाच्या घरात कोंडतो, अन् आपण एकटाच माघारी येऊन आईजवळ जेवायला बसतो. मी म्हटलं, हे निंबर्ग्याच्या कल्लप्पाचं ह्यांना कुणी सांगितलं? त्यानं असंच केलं होतं. राक्षस तेवढा नव्हता, सासरा होता. लिहिणाऱ्याला दुनियेची माहिती हाय, एवढं कबूल केलं मी.

चोरपोलिसांचं तर त्याहून खरं. आधी पोलीस चोराच्या हातातली बेडी काढतात. मग चोर हळूच एका शेठजीच्या घरात शिरतो, खिशातला हार काढून तिजोरीत ठेवतो, खिडकी नीट लावून घेतो अन् घरी जाऊन उपाशी पोरांत बसतो. केवढा सज्जन माणूस! अन् तो टोपीवाला, भिंग घेऊन फिरणारा — त्याला सुरुवातीला सगळं माहीत असतंय, मग जसंजसं पुढं जाईल तसंतसं तो एकेक विसरतो, अन् शेवटी आरामखुर्चीत बसून चहा पितो. आमच्याकडचं पोलीसखातं असंच चालतंय. एक मात्र सांगतो, तुमच्या मालकाला जाऊन सांगा — ह्या सगळ्या गोष्टीतली पोरं गोरीपान, इस्त्रीची चड्डी, अन् प्रत्येकाचा मामा मोटारवाला. एकबी पोरगं तुरीच्या रानात राखणीला गेलेलं न्हाई. एका पोरीच्या डोक्यावर घागर न्हाई. मग आमच्या पोरांनी त्यात स्वतःला कुठं बघायचं? आमची शरणम्मा सारखी विचारायची, मुत्या, ह्यात मी कुठं हाय? — मुत्या म्हंजे आजा हो, आमच्याकडं असंच म्हणतात — मग मी एखादी मागं उभी असलेली दासी दाखवायचो. ही बघ, ही तू. ती खूश.

तिलाच वाचून दाखवायचो ना मी. नात माझी, मुलीची मुलगी. ह्याच समोरच्या मराठी शाळेत जाती, आता सुटंल शाळा, मी तिलाच न्यायला बसलोय. एवढीशी, पण नाव शरणम्मा. जावयानं दुसरं लगीन केलं, चांगलं केलं, जवान माणूस हाय — पोरगी आमच्याकडं ठेवली. मला अक्षर लागत न्हाई हे तिला कुठं ठाऊक? मी आपला चित्रावर बोट ठेवून सांगायचो, हा असं म्हणला, ती तसं म्हणली. अन् एक लढाईचं होतं. उघडल्या उघडल्या सगळं मैदान मेलेल्या माणसांनी भरलेलं. मी म्हटलं, अरे देवा, हे कुठं पोरीपुढं उघडलं. पण पुढचं पान बघतो तर ते उभे! छातीतले भाले निघाले, घोडे उठले, सगळे जण नीट रांगेनं मागं मागं चालत आपापल्या घरी गेले, अन् दारात आया उभ्या, आरत्या घेऊन. पोरीनं टाळ्या वाजवल्या. म्हणली, मुत्या, उठले सगळे? मी म्हटलं, उठले की. म्हणली, घरी गेले? गेले की. मग तेच पुस्तक रोज. चिंध्या झाल्या त्याच्या.

हां? व्हय... व्हय, माहीत होतं मला. जावयानंच सांगितलं होतं, मामा, उलटं धरलंय तुम्ही, ही डावीकडनं वाचायची असतात. मी काय एवढा खुळा हाव? पाटीबी डावीकडनंच वाचतो की मी. पण तवर ती टाळी वाजवून झाली होती ना. गंगम्माला जाऊन महिना झाला नव्हता. माझी मुलगी. ताप आला, बिदरच्या दवाखान्यात नेलं, तिथनं परत आणलं ते तसलंच. अन् आमच्यात जाळत न्हाईत, साहेब. विभूती लावतात, हातात लिंग देतात, मांडी घालून बसवतात, बसवूनच मिरवत नेतात अन् बसवूनच माती देतात. आमच्या रानातच दिली, बोरीच्या झाडापाशी. मी म्हणत होतो, पोरीला आत न्या, आत न्या — त्या गर्दीत कोण ऐकतंय. तिनं सगळं बघितलं. निजलेलं माणूस बघितलं असतं तर गोष्ट वेगळी. तिनं आई बसलेली बघितली. अन् बसलेलं माणूस उठतंच की. मग वरनं माझी पुस्तकं. ह्यात उठले, त्यात उठले, एकीला तर अजगरानं गिळलेलं, ती बाहेर येऊन वेणी घालायला बसली! यल्लम्मा, माझी बायको, म्हणायची, कामून सांगायलाव पोरीला असलं? मी म्हणायचो, पुस्तकात छापलंय, मी काय करू? पोरगी रोज सांजेला बोरीच्या वाटेकडं तोंड करून बसायची, अन् मी तिच्या शेजारी. खरं सांगू? मलाबी बरं वाटायचं. मीबी बघायचो त्या वाटेकडं.

आता शाळेत तिला अक्षर आलं. चांगली हुशार हाय, फटाफट वाचती. परवा पुस्तक माझ्या हातातनं घेतलं, फिरवलं, अन् म्हणली, मुत्या, इथनं हाय सुरुवात, इथं नाव लिहिलंय. अन् वाचत गेली. मोठ्यानं. फुग्यातलं सगळं. मी ऐकायलो. आरत्या झाल्या, माणसं घरातनं निघाली, घोडे निघाले... शेवटच्या पानावर आली अन् तिथंच बसली. मग दुसरं घेतलं, अजगराचं. तेबी शेवटपर्यंत वाचलं. रडली न्हाई. रडली असती तर काहीतरी करता आलं असतं, गूळ दिला असता. काल सांजेला विचारलं तिनं मला — मुत्या, माझ्या आईचं कुठल्या बाजूनं हाय? मी म्हटलं, उद्या सांगतो. कोर्टात सवय हाय ना तारीख द्यायची.

तर तुमची पेटी बघितली अन् मला वाटलं, ह्या माणसाकडं एखादं असं असंल. दोन्ही बाजूनं वाचलं तरी कुणी मरत न्हाई असं. काय हाय हे? दाखवा. हत्ती. हत्ती नदीवर जातो. आंघोळ करतो. घरी येतो. बरं, आता माझ्या बाजूनं बघतो — घरातनं निघतो, आंघोळ करतो... घरीच येतो की हो! क्या बात है. रंगबी चांगलेत. सोंड जरा आखूड झालीय. म्हंजे असतात असली पुस्तकं. मी उगंच म्हणत होतो. मिळालं की. हेच पाहिजे होतं मला...

न्हाई, ठेवा परत. न्हाई, किमतीचं न्हाई हो. हे देऊन तिला काय सांगू? ती हत्तीचं विचारायलीय व्हय? काय म्हणलात? — सांगून टाका. सोपं हाय. तुमची बस येईल, तुम्ही खिडकीत बसाल, तुम्हाला काय जातंय सांगून टाका म्हणायला. मला भीती वाटती, साहेब. एवढं वय झालं, रझाकाराच्या दिवसातबी घरात लपलो न्हाई, अन् ह्या एवढ्याशा पोरीची भीती वाटती. तिला सांगितलं की मग मलाबी त्या वाटेकडं बघता येणार न्हाई.

घंटा झाली. ती बघा, त्या भिंतीकडनं यायलीय, पट्टा डोक्याला अडकवून. असंच दप्तर नेती, कितीदा सांगितलं. आता उठा तुम्ही. रागानं न्हाई म्हणत, बसची वाट तिकडं लिंबाखाली उभं राहून बघा, हितं तिला बसायला जागा पाहिजे. तो हत्तीबी न्या. ये, बाई, ये. दप्तर ठेव. न्हाई, आज पुस्तक न्हाई. बस हितं माझ्याजवळ. काल आईचं विचारलंस ना तू? ती न्हाई येत, शरणम्मा. कुठल्याच बाजूनं न्हाई येत — साहेब, जावा की तुम्ही.