ओला हात

अरे, गेल्या श्रावणात आम्ही दोघं अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका जुन्या लॉजवर उतरलो होतो. सकाळी मी लोळत पडलेलो, तेवढ्यात बाथरूममधून बायकोचा आवाज आला, "अहो, टॉवेल द्या ना." दार किलकिलं झालं, ओला हात बाहेर आला. मी टॉवेल दिला. बोटं बर्फासारखी गार लागली.

म्हटलं, "गरम पाणी येत नाही का गं?"

तर बायको खोलीच्या दारातून आत आली, दर्शन घेऊन! "कोणाशी बोलताय?"

मी बाथरूमचं दार ढकललं. आत कोणी नाही, टॉवेल नाही, फरशी ठणठणीत कोरडी.

सामान उचलून आम्ही खाली धावलो. मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "दिलात ना टॉवेल? मग ठीक आहे. जे देत नाहीत, त्यांच्या मागे ती घरापर्यंत जाते."