मॅलकमची गोष्ट आणि आईचं तिकीट

आई ठरल्यापेक्षा लवकर परत का गेली, हे मला सगळे विचारतात. खरं सांगू का, त्याला कारण आमचे शेजारी, मॅलकम.

इथे इंग्लंडमध्ये, श्रूजबरीत, आमच्या बाजूला राहतात ते, रिटायर झालेले, मूळचे स्कॉटलंडचे. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि त्यांनी आईला तिकडची एक लोककथा सांगितली. मी मराठी करून सांगत होते.

एक सील किनाऱ्यावर येते, अंगावरचं कातडं उतरवते आणि तिची बाई होते. एक कोळी ते कातडं लपवून ठेवतो. तिला परत जाता येत नाही, म्हणून ती त्याच्याशी लग्न करते. मुलंबाळं होतात. मग एक दिवस तिला ते कातडं सापडतं आणि ती सरळ समुद्रात निघून जाते.

मला वाटलं, पोरांना टाकून गेली म्हणून आई आता तिला नावं ठेवणार. पण तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माझा पासपोर्ट तुझ्याच कपाटात आहे ना गं?"

मी हसले. ती हसली नाही.

"गणपतीला देवरूखला जाऊ दे मला."

"का गं, इथे करमत नाही का?"

"करमतं की. किती करता तुम्ही माझं. पण त्या बाईचा नवरा तरी कुठे वाईट होता?"

मॅलकमनी उत्सुकतेने विचारलं, "आईंना गोष्ट आवडली का?"

मी फोनवर फ्लाइट शोधत म्हटलं, "जरा जास्तच."