सातवीतल्या सुनीताचं नाव

अपूर्णांक येईनात म्हणून आमच्या गणिताच्या सरांनी मला बडवलं आणि मी नववीतच शाळा सोडली. नव्व्याण्णव साली मी साताऱ्यात इंटरनेटच्या दुकानात कामाला होतो, तिथेच हे महाशय टपकले. एका वेबसाइटवर गावोगावचे शिक्षक एकमेकांना अडचणी विचारत, तिथे त्यांनाही प्रश्न टाकायचा होता. ते सांगायचे, मी टाइप करायचो.

"लिही. सातवीतली सुनीता, गाव वडूज, बाप दारुडा, अपूर्णांक डोक्यात शिरत न्हाईत."

मी हात थांबवला. "सर, नाव-गाव नको. हे सगळं जग वाचतं."

"वाचू दे की. लाज वाटंल तिला."

"मग तुमचंबी नाव टाकतो. इतकी वर्षं शिकवताय, अजून अपूर्णांक शिकवता येत न्हाईत."

सरांनी पडद्यावरच्या सुनीताच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नाव काढ. गाव आन् बापाच्या दारूचंबी काढ."

आठवड्यानं नागपूरच्या एका बाईंचं उत्तर आलं: वर्गात भाकरी न्या, पोरांनाच तिचे सारखे तुकडे करू द्या. सरांनी ते दोनदा वाचून घेतलं.

महिन्यानं परत आले. "सुनीताला जमलं," म्हणाले. जाता जाता दारात थांबले. "दहावीला बाहेरून बस रं. अपूर्णांक मला आता शिकवता येतात."