लिंबावर अडलेला टर्बो

हा किस्सा मी गेल्या दिवाळीच्या पाडव्याला सकाळी, वाकडच्या चहाच्या टपरीवर, माझा मित्र प्रसाद याच्याच तोंडून ऐकला.

चाकणच्या प्रसादने शर्यतीसाठी जुन्या गाडीला टर्बो बसवला. मी तेव्हा सुचवले होते, "इंजिनात इंधन सोडणारे इंजेक्टर गरजेपुरतेच घे. फार मोठे घेतलेस, तर गाडी हळू चालवताना त्यांना थेंबभर इंधन नेमके सोडता येत नाही."

तो हसला. "राव, शर्यतीत हळू चालवतंय कोण?" आणि त्याने मोठेच बसवले.

चालवायला लावले त्याच्या आईने. दसऱ्याला गाडीची पूजा झाली आणि चाकाखाली लिंबू ठेवले गेले. प्रसादने क्लच अलगद सोडला, तर गाडी लिंबाला टेकून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

शेजारच्या काकांनी विचारले, "भावा, ढकलू का?"

आईने किल्लीच काढून घेतली. "लिंबू वलांडंना, आन् शर्यत जिंकणार हाय व्हय? न्हाई जायाचं."

शर्यत तोंडावर आली होती. प्रसादने लहान इंजेक्टर बसवले आणि आईला पुन्हा पूजा करायला लावली. या खेपेस गाडी लिंबू चिरडून सावकाश पुढे गेली, आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली.

प्रसादच्या मते हे श्रेय इंजेक्टरच्या निवडीचे. काका मात्र सांगतात, की दुसऱ्या पूजेचे लिंबूही मावशींनी, म्हणजे प्रसादच्या आईने, मुद्दाम लहान निवडले होते. याची खातरजमा मला कधीच करता आली नाही. मावशींना विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "चहा घे, गार व्हतोय."