शामराव हालला नाही

आमच्या आर्णीच्या शामरावचा नेम मोठा कडक हाय बरं! आपला खेळाडू जिंकून राह्यला, का बसल्या जागचं हालायचं नाही. त्याची लाडकी कोरियन टेबल टेनिसवाली आखरी मॅच खेळून बॅट ठेवनार होती. मी मोबाईलवर मॅच लावून देल्ली. ती पुढं गेली तवा शामराव खाटीवर उकिडवा होता, तं तसाच राह्यला.

वहिनी ओरडल्या, "अवो, म्हैस पान्हावली! मले हात लावू देत नाही ते!"

"उठलो तं पोरगी हारते!"

पोरगी जिंकली. शामरावचे पाय लाकूड झाले, पन डोये भरून आले.

मी हासत म्हनलं, "गड्या, मॅच तं कालची होती!"

"मंग? आज हाललो असतो तं काल हारली असती ना बे!"